जुना पितळी कंदील: आधी पुरावा, मग पॉलिश

इंग्लंडमधल्या एखाद्या कंट्री हाउसमधून, म्हणजे गावाकडच्या जमीनदारी वाड्यातून, आलेला पितळी कंदील हातात पडला की बहुतेक जण एकाच क्रमाने चुकतात. आधी घासूनपुसून लखलखीत करतात, मग नवी वायर ओढतात, आणि सगळं झाल्यावर 'हा नेमका कुठल्या घरातला?' म्हणून शोध सुरू करतात. तोवर उत्तराचा अर्धा भाग चिंधीला पुसून गेलेला असतो. काजळीचा थर, मेणाचे ओघळ, स्क्रूच्या खाचेतली माती, लिलावाची अर्धवट चिकटलेली चिठ्ठी हे सगळं साक्षीदार असतं. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. एखादी पायरी लागू नसेल तर ती गाळा, पण पुढची मागे आणू नका.

इथे कंदील म्हणजे हातात धरायचा रॉकेलचा कंदील नव्हे. मोठ्या घराच्या प्रवेशदालनात, जिन्यावर किंवा बोळात साखळीने टांगलेला, पितळी चौकटीत काचेची तावदानं बसवलेला दिवा अभिप्रेत आहे. अशा जागी दाराच्या झोताने उघडी मेणबत्ती विझायची, म्हणून ज्योतीभोवती काच घेतली जायची. त्यामुळे शोध घेताना बैठकीच्या दालनांपेक्षा वर्दळीच्या जागांच्या नोंदी आधी बघायच्या.

तयारी

जाड ब्लँकेट अंथरलेलं टेबल, नायट्राइल हातमोजे, दहापट भिंग, मिलिमीटरची पट्टी, व्हर्नियर कॅलिपर, वजनकाटा, लोहचुंबक, अतिनील टॉर्च, कापूस, बांबूच्या काड्या, झिपच्या पिशव्या, पेन्सिल. कॅमेरा कुठलाही चालेल, पण प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. पॉलिशची बाटली या यादीत नाही. ती टेबलावर नसलेलीच बरी, कारण समोर असली की हात तिकडे जातोच.

इशारा: तावदानांच्या कडेची जुनी पुट्टी, जुना रंग आणि सोल्डर यांत शिसं असू शकतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वीज घातलेल्या कंदिलात होल्डरजवळ पांढरट, तंतुमय उष्णतारोधक पट्टी किंवा नळी दिसली, तर ती अ‍ॅसबेस्टॉस समजून चला. कोरडं खरवडू नका, फुंकर मारू नका. ती काढायला त्या कामाचा जाणकार बोलवा.

पायरी १: आहे तशी नोंद

कंदील शक्यतो टांगलेल्या स्थितीत, स्टँडला अडकवून घ्या. प्रत्येक बाजूचा समोरून एक फोटो, मग वरून, खालून आणि आतून. त्यानंतर टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून, तिरप्या उजेडात पुन्हा. सरळ उजेडात न दिसणारे कानशीचे ओरखडे, पुसट आकडे आणि जुन्या चिठ्ठ्यांच्या कडा तिरप्या उजेडात उठून दिसतात.

मोजमापं दोन प्रकारे लिहा: कड्यासह एकूण उंची आणि फक्त काचेच्या भागाची उंची. जुन्या याद्यांत कधी एक दिलेली असते, कधी दुसरी, आणि इंचांत. तावदानांची संख्या, प्रत्येकाची रुंदी, साखळीच्या कड्या, मेणबत्तीची भोकं, एकूण वजन, सगळं उतरवून काढा. वजन पुढे टांगताना लागणार आहे.

चिठ्ठी, खडूचा आकडा, रंगाने घातलेला क्रमांक दिसला तर त्याला पाणी लागू देऊ नका. फोटो काढा, जागा लिहा आणि तसाच सोडा. सुटू पाहणारी चिठ्ठी गोंदाने परत चिकटवू नका. ती वेगळी काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा.

पायरी २: धातू, काच आणि स्क्रू वाचणं

ही सगळ्यात वेळ खाणारी पायरी आहे, आणि लोक तीच उरकून टाकतात.

आधी चुंबक लावा. चौकटीला चिकटला तर ते पितळी मुलामा दिलेलं लोखंड आहे. एखाद्याच पट्टीला चिकटला तर तो बहुधा नंतरचा आधार. आता चौकटीची आतली बाजू पाहा. वाळूच्या साच्यातलं ओतकाम मागून खरबरीत असतं आणि त्यावर कानशीचे वेडेवाकडे फराटे सापडतात, कारण न दिसणारी बाजू घासत बसायला कारागिराला सवड नसायची. आतून-बाहेरून सारखाच गुळगुळीत आणि एकसारखा तपकिरी कंदील दिसला की शंका घ्या. खरी झीज सारखी नसते. ती दाराच्या खिट्टीवर, बिजागरीभोवती, खालच्या बोंडावर, म्हणजे जिथे हात लागतो तिथे असते. छतालगतच्या मुकुटाच्या वरच्या बाजूला झीज आढळली तर ती मुद्दाम केलेली असण्याची शक्यता मोठी.

जुळणीच्या खुणा शोधा. एकाच कंदिलाच्या बाजू एकमेकींत नीट बसाव्यात म्हणून जोडावर रोमन आकड्यांसारख्या रेघा किंवा ठिपके ठोकलेले असतात. एक, दोन, तीन, चार, सहा असा क्रम लागला आणि पाचवी बाजू बिनखुणेची निघाली, तर ती बाजू बदललेली आहे.

स्क्रूवरून बरंच कळतं, पण एकट्या स्क्रूवर निकाल देऊ नका. खाच मधोमध नसलेला, असमान आट्यांचा स्क्रू हाताने केलेला असतो. ब्रिटनमध्ये आट्यांना प्रमाण मिळालं ते १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनिअरने मांडलेल्या पद्धतीपासून, आणि तेही सगळीकडे लगेच रुजलं नाही. डोक्यावर चौफुली खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा नसतो. तो एकटाच असेल तर दुरुस्ती समजा. सगळेच तसे, मेट्रिक आट्यांचे आणि कधीच न उघडलेले असतील, तर पूर्ण कंदीलच तेवढा अलीकडचा.

काचेत वक्र, गोलाकार लहरी दिसल्या तर ती फिरवून केलेली क्राउन काच. सरळ, समांतर लहरी असतील तर नळकांडं फुगवून, चिरून सपाट केलेली. लहर अजिबात नाही, खिडकीचं प्रतिबिंब आरशासारखं सरळ, तर बहुधा फ्लोट काच, म्हणजे वितळलेल्या कथिलावर पसरवून केलेली. ही पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. ५८ मिमी वगैरे लहान तुकड्यांत लहर दिसत नाही, म्हणून तिथे २५४ नॅनोमीटरचा लघुलहरी अतिनील दिवा वापरा: फ्लोट काचेची कथिलाकडची बाजू दुधट चमकते. डोळ्यांना अतिनीलरोधक चष्मा हवाच. सहापैकी दोन तावदानं नवी असणं अगदी नेहमीचं आहे. त्यासाठी कंदील बाद करू नका, फक्त नोंद करा.

उजेडाचे थर उलगडणं हे या पायरीतलं सगळ्यात रंजक काम. एकाच कंदिलात मेणबत्ती, तेल, गॅस आणि वीज अशा तीन-चार व्यवस्था होऊन गेलेल्या असतात. मेणबत्तीच्या काळातला असेल तर वरच्या बाजूला काजळी, कधी त्यावर काचेची धूरवाटी, आणि तळाशी मेण. गॅसच्या काळात मधल्या दांड्यातून नळी घातली जायची, आणि तिची चावी किंवा बुजवलेलं भोक मागे राहतं. विजेसाठी मारलेल्या भोकाच्या कडा धारदार आणि आतून उजळ असतात. मुळातच वायरसाठी पोकळ ओतलेली दांडी असेल आणि मेणबत्तीची कुठलीच खूण नसेल, तर तो १८८० च्या आधीचा म्हणू नका. नॉर्थंबरलंडमधल्या क्रॅगसाइड या घरात जोसेफ स्वान या संशोधकाचे विजेचे दिवे १८८० मध्ये लागले, आणि ते घर त्या काळी अपवाद होतं.

शिक्का सापडला तर नशीब. चौकटीवर शंकरपाळीसारखी आकृती असेल तर ती १८४२ ते १८८३ दरम्यानची ब्रिटिश डिझाइन-नोंदणी. वरच्या टोकावरच्या वर्तुळातला रोमन एक म्हणजे धातूचा वर्ग. वर्षाचं अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात. १८८४ पासून शंकरपाळी जाऊन सरळ अनुक्रमांक आला. लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये १८४२ ते १८८३ ची डिझाइनची चित्रं बीटी ४३ या मालिकेत आणि नोंदवह्या बीटी ४४ मध्ये आहेत. एक ध्यानात असू द्या, ही तारीख डिझाइन नोंदवल्याची आहे, तुमचा कंदील ओतल्याची नाही. तेच साचे पुढे कित्येक वर्षं वापरले जायचे.

एक्स-रे फ्लुरोसन्स चाचणी, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतल्या घटकांचं प्रमाण मोजणं, कुणी सुचवेल. करून घ्या, पण अर्थ जपून लावा. खनिज जस्तापासून केलेल्या जुन्या पितळात जस्ताचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाच्या वर जात नाही. तांबं आणि धातुरूप जस्त थेट वितळवून पितळ करण्याचं जेम्स इमर्सनचं पेटंट १७८१ चं. म्हणून ३७ टक्के जस्त दाखवणारा कंदील त्याआधीचा असण्याची शक्यता फार कमी. उलट बाजूने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण कमी जस्ताचं पितळ आजही ओततात. शिवाय हे यंत्र फक्त वरचा थर वाचतं, आणि आंबट द्रावाने घासलेल्या पितळाच्या पृष्ठभागातलं जस्त आधीच निघून गेलेलं असतं.

पडताळा: आतापर्यंत तुमच्याकडे 'अमुक सालापूर्वीचा नाही' असं विधान लिहून झालेलं असायला हवं. 'अमुक सालचाच' असं लिहिलं असेल तर खोडा.

पायरी ३: घराचा शोध

विक्रेत्याच्या कागदावरच्या शब्दांपासून सुरुवात करा. ब्रिटिश लिलावाच्या भाषेत 'बाय रिप्यूट' म्हणजे तशी वदंता आहे, कुणी तपासलेलं नाही. 'बाय डिसेंट' म्हणजे वारशाने आला. 'प्रॉपर्टी ऑफ' अमुक घराणं याचा अर्थ विकताना तो त्यांचा होता एवढाच. तो त्यांच्या दालनात दोनशे वर्षं लटकत होता असा नाही. आणि 'जॉर्ज तिसरा' आणि 'जॉर्ज तिसरा शैली' यांतला शेवटचा एक शब्द सगळी किंमत फिरवतो: पहिल्याचा अर्थ त्या काळातला, दुसऱ्याचा अर्थ त्या थाटातली नंतरची नक्कल.

मग कागदपत्रं, या क्रमाने:

१. घराच्या सामानाच्या याद्या. वारसा, मृत्युपत्र किंवा विमा यासाठी केलेल्या या याद्या दालनागणिक लिहिलेल्या असतात. त्या त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात किंवा घराण्याच्या दप्तरात मिळतात. कुठे आहेत हे नॅशनल आर्काइव्ह्जच्या 'डिस्कव्हरी' सूचीत शोधता येतं. शोधताना आजच्या स्पेलिंगसोबत 'लँटहॉर्न' असं वाचलं जाणारं जुनं स्पेलिंगही टाका, ज्याच्या शेवटी शिंगाचा 'हॉर्न' आहे. काचेआधी शिंगाचे पातळ पापुद्रे लावत, त्यावरून ते रूढ झालं. या एका अक्षरभेदामुळे कितीतरी शोध रिकामे परततात.

२. घरातच झालेल्या लिलावांच्या यादीपुस्तिका. स्टो या कंट्री हाउसमधली १८४८ ची विक्री चाळीस दिवस चालली होती, आणि किमती व खरेदीदारांच्या नावांसह तिची आवृत्ती त्याच वर्षी छापली गेली. मेंटमोर या घरातल्या १९७७ च्या विक्रीच्या यादीचे कित्येक खंड आहेत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या नॅशनल आर्ट लायब्ररीत अशा पुस्तिकांचा मोठा साठा आहे. समासात हाताने लिहिलेली किंमत किंवा नाव असलेली प्रत मिळाली तर तीच मागवा.

३. छायाचित्रं. 'कंट्री लाइफ' साप्ताहिक १८९७ पासून अशा घरांचे अंतर्भाग छापत आलं आहे. स्विंडनच्या हिस्टॉरिक इंग्लंड संग्रहातही जुने फोटो आहेत.

फोटो जुळवताना 'दिसतो तसाच' एवढ्यावर समाधान मानू नका. काचेच्या भागाची उंची भागिले रुंदी हे गुणोत्तर तुमच्या कंदिलाचं काढा आणि फोटोतल्याचं काढा. फोटो खालून वर घेतला असेल तर उंची आखूड दिसते, म्हणून खालून घेतलेल्या फोटोवर फार भिस्त ठेवू नका. त्यापेक्षा मोजता येणाऱ्या गोष्टी बघा: तावदानं किती, मुकुटाची पानं किती, दार कुठल्या बाजूला, साखळीच्या कडीचा आकार. एखादं नुकसान जुळलं, समजा एकच वाकलेलं पान दोन्हीकडे, तर तो पुरावा शंभर साम्यांना भारी पडतो.

इशारा: घरातल्या लिलावात बाहेरचा मालही घुसवला जायचा. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर 'इतर मालकांच्या वस्तूंसह' अशा अर्थाची ओळ असेल, तर लॉट क्रमांकामागे दालनाचं नाव आहे का ते बघा. नसेल तर ती वस्तू त्या घराची होती असं धरू नका.

कंदील अजून घरातच लटकतो आहे आणि तिथून विकला जाणार आहे असं कळलं, तर घर 'लिस्टेड', म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत, आहे का हे विचारा. १९९० च्या कायद्यानुसार अशा इमारतीला पक्की जोडलेली वस्तू इमारतीचाच भाग धरली जाते, आणि ती काढायला परवानगी लागू शकते. साखळीने अडकवलेला कंदील आणि छतात पक्का बसवलेला कंदील यांत इथे फरक पडतो. वॉरिकशरमधल्या इडलिकोट हाउसच्या शिशाच्या कलशांवरून असाच वाद २०२० मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू ब्रिटनबाहेर न्यायची असेल तर किमतीनुसार निर्यात परवाना लागतो का, हे पैसे देण्याआधी तपासा.

पायरी ४: सुटा करणं

क्रम असा: मेणबत्तीचे किंवा विजेचे आतले भाग, मग दार, मग तावदानं, मग तळ, आणि मुकुट सगळ्यात शेवटी. मुकुट आधी सोडला की चौकट पिळवटते आणि तावदानं तडकतात.

प्रत्येक तावदान काढण्याआधी त्याच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या कडेशी हलक्या चिकटीची पट्टी लावून क्रमांक टाका. एकसारखी दिसणारी तावदानं मिलिमीटरभराने वेगळी निघतात आणि दुसऱ्या खोबणीत बसत नाहीत. काच धरणाऱ्या पितळी जिभा दरवेळी वाकवताना अधिकाधिक कडक होत जातात. जेवढी गरज तेवढीच उचला, आणि एकदाच.

स्क्रू अडला तर खाचेत नेमका बसेल असं पातं घासून घ्या. रुंदीला कमी पडणारं पातं खाच फाडतं. भेदक तेलाचा एक थेंब, चोवीस तास थांबणं, मग पुन्हा प्रयत्न. ज्योत दाखवू नका: कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळायला लागतं, आणि लॅकर, म्हणजे पितळावरचा पारदर्शक लेप, त्याआधीच करपतं.

पायरी ५: स्वच्छता

आधी पृष्ठभागावर काय आहे ते ठरवा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पितळी कामावर सोनेरी झाक देणारं लाखेचं लॅकर असायचं, काही कंदिलांवर खरा सोन्याचा मुलामा. मुकुटाच्या खोलगट नक्षीत पिवळा उजळपणा टिकलेला आणि उंचवटे मात्र काळवंडलेले असतील, तर मुलामा समजा. अशा कंदिलाला कुठलंही घासणारं पॉलिश लावायचं नाही. मुलामा नसलेल्या ठिकाणी अतिनील टॉर्च मारली तर लाखेचा थर नारिंगी चमकतो. न दिसणाऱ्या कोपऱ्यात इथेनॉलचा बोळा फिरवून चिकट झालं तर लाख. इथेनॉलला दाद न देता अ‍ॅसिटोनला विरघळलं तर नंतरचं नायट्रोसेल्युलोज लॅकर.

धूळ मऊ ब्रशने झटका. मग एक लिटर डीआयोनाइज्ड पाण्यात नॉन-आयोनिक डिटर्जंटचे दोन-तीन थेंब, बोळा घट्ट पिळलेला, तळहाताएवढा भाग एका वेळी. दुसऱ्या बोळ्याने साधं पाणी, लगेच कोरडं फडकं. बिजागऱ्या आणि जोड हेअर ड्रायरच्या कोमट झोतात वाळवा. मेण बांबूच्या काडीने उचला, उरलेलं व्हाइट स्पिरिटने. हिरवा जंगाल भिंगाखाली काडीने टिपा. फिकट हिरवी भुकटी काढूनही आठवड्यात परत आली तर आत क्लोराइड आहे, आणि ते काम धातूसंवर्धकाचं.

बहुतेक कंदिलांसाठी इथेच थांबावं. यानंतरची प्रत्येक हालचाल धातू कमी करते.

तरीही उजळ करायचाच असेल आणि मूळ लॅकर-मुलामा उरलेला नाही याची खात्री झाली असेल, तर बारीक प्रेसिपिटेटेड चॉक, डीआयोनाइज्ड पाणी आणि थोडं इथेनॉल यांची साईइतकी दाट पेस्ट करा. सुती कापडाने, रेषेच्या दिशेने. शिक्के, खुणा आणि चिठ्ठ्यांच्या जागा सोडून. शेवटी अ‍ॅसिटोनने तेलकटपणा काढा, खिडक्या उघड्या ठेवून, आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. मेण हवं तेव्हा काढता येतं, म्हणून घरच्या कामाला लॅकरपेक्षा तेच बरं.

नेहमीच्या चुका:

लिंबू, चिंच, व्हिनेगर. आम्ल जस्त खेचून नेतं आणि पितळावर तांबूस-गुलाबी चट्टे राहतात. ते पॉलिशने जात नाहीत, कारण तिथे आता पितळच उरलेलं नसतं.

अमोनिया असलेली पॉलिशं. ताणाखाली असलेलं पितळ अमोनियाने चिरतं. ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांना भारतातल्या पावसाळ्यात, घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवल्यावर भेगा पडल्या त्या याचमुळे. कंदिलाच्या वाकवलेल्या जिभा आणि साखळीच्या कड्या अगदी तशाच ताणात असतात.

लोखंडी काथ्या. त्याचे कण पितळात रुततात आणि तिथे गंजाचे ठिपके उठतात.

तावदानं पाण्यात बुडवून ठेवणं. त्याऐवजी निम्मं इथेनॉल, निम्मं पाणी, आणि बोळा. काचेवर रंग किंवा सोनेरी रेघ असेल तर तेवढा भाग वगळा.

पायरी ६: वीज

नवं भोक मारू नका. मेणबत्तीच्या जुन्या वाटीत बसणारा होल्डर वापरा आणि वायर जुन्या गॅसनळीतून किंवा साखळीलगत न्या. रबरी किंवा कापडी आवरणाची जुनी वायर हात लावताच तुकडे होऊन पडते, ती वापरात ठेवू नका. पण एक वीतभर तुकडा पिशवीत जपा.

उष्णतारोधक तीन तारांची ०.७५ चौरस मिमीची वायर पुरे. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. कंदील धातूचा आहे, म्हणून अर्थची तार चौकटीला स्क्रूने घट्ट जोडलेली हवीच, आणि जोडाखालचं लॅकर किंवा मेण काढून. सुटं दार आणि तळ चौकटीशी विजेने जोडलेले आहेत का ते मीटरने बघा. बिजागरीतल्या मळाने संपर्क तुटलेला असतो, आणि हे हमखास राहून जातं. चार वॅटपर्यंतचे एलईडी घ्या. बंद काचेत तापणारा दिवा जुनी पुट्टी आणि सोल्डर दोन्ही सैल करतो.

पडताळा: ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन रेझिस्टन्स किमान १ मेगाओम यायला हवा. ही चाचणी एलईडी काढून करा. छताकडची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, ब्रिटनमध्ये बीएस ७६७१ या वायरिंगच्या मानकाप्रमाणे.

पायरी ७: टांगणी

भार साखळीवर, वायरवर नाही. वायर साखळीपेक्षा थोडी सैल सोडा. साखळीची प्रत्येक कडी भिंगाने बघा. जोड उघडू लागलेली कडी दाबून बंद करू नका, बदला, आणि जुनी पिशवीत ठेवा.

दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात टांगणीची कसोटी अशी आहे: दिव्याच्या वजनाच्या चौपट जादा भार एक तास. म्हणजे कंदील ८ किलोचा असेल तर कड्याने कंदिलासह ४० किलो तासभर पेलले पाहिजेत. ही कसोटी जुन्या कंदिलावर लावू नका. छताचा आकडा आणि साखळी यांना वाळूच्या पोत्याने लावा. तास संपल्यावर आकड्याभोवतीच्या प्लास्टरमध्ये केसाएवढी भेग, किंवा आकडा मिलिमीटरभर जरी खाली आलेला दिसला, तरी तो छताच्या फळीत नव्हे, तुळईत बसवून घ्या आणि कसोटी पुन्हा करा.

कंदील वर चढवताना तावदानं काढलेली असू द्यात. आधी चौकट टांगा, मग क्रमांकाप्रमाणे काचा, शेवटी दार. काढलेले स्क्रू, वायरचा तुकडा, चिठ्ठ्या आणि पायरी एकमधल्या फोटोंची छापील प्रत एका डब्यात घालून डब्यावर कंदिलाची उंची, वजन आणि कामाची तारीख लिहा. पुढे विकताना हा डबा कंदिलासोबत द्या.